घरात लायसन्सची बंदूक आणि त्याच घरात होमस्टे: कपाट घ्यायच्या आधी काय बघायचं

देवगडच्या बाजूच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सासऱ्यांच्या नावावर शेतीसंरक्षणाची बारा बोअरची दुनळी बंदूक आहे. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, गेले काही महिने उपचारासाठी मुंबईला मुलीकडे आहेत. मिस्टर पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येतात. घर मोठं म्हणून ताईंनी दोन खोल्यांचा होमस्टे सुरू केला, आणि बंदूक वर्षानुवर्षं असते तशी माजघरात खुंटीला. मे महिन्यात एका पाहुण्यांच्या दहा वर्षांच्या मुलाने स्टुलावर चढून ती काढली, खांद्याला लावली आणि चाप ओढला, आत काही नव्हतं म्हणून निभावलं. शिवाय बागेतला राखणदार रात्री डुकरं आली की हीच बंदूक घेऊन जातो. ताईंचा प्रश्न असा की कुठलं कपाट घ्यावं, पाहुण्याला काही झालं तर जबाबदारी होमस्टेची की सासऱ्यांची, आणि त्याचा विमा निघतो का.

आधी माझं सांगतो. वडिलांपासून आमचं शस्त्रांचं लायसन्सी दुकान आहे, विक्री, दुरुस्ती आणि लोकांची हत्यारं डिपॉझिट ठेवून घेणं ही कामं रोजची. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे धंद्यात रोज लागतं तेवढंच सांगेन, आणि जिथे वकिलाकडे जायलाच हवं तिथे तसं म्हणेन.

ताई, तुम्ही कपाटाचं विचारलंत पण तुमची खरी अडचण कपाटाच्या आधीची आहे. ज्याच्या नावावर लायसन्स आहे तो माणूस त्या घरात राहतच नाहीये. बंदुकीचं लायसन्स घराला, बागेला किंवा कुटुंबाला मिळत नाही, ते एका माणसाला मिळतं. शस्त्र कायदा १९५९ चा, त्याचं कलम ३ सांगतं की लायसन्स असल्याशिवाय कुणी बंदूक किंवा काडतूस घ्यायचं, जवळ ठेवायचं किंवा घेऊन फिरायचं नाही. त्यात एक सवलत आहे, धारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक नेऊ शकतो, पण ती दुरुस्तीसाठी, लायसन्सच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकालाच वापरायला देण्यासाठी. 'सासरे मुंबईला असताना सुनेने सांभाळायची' हे त्या सवलतीत बसत नाही. आणि जवळ ठेवणं म्हणजे हातात धरणं एवढंच नसतं. सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच सांगून ठेवलंय की वस्तू प्रत्यक्ष अंगावर नसली तरी तिच्यावर ताबा आणि नियंत्रण कुणाचं आहे ते बघायचं. म्हणजे उद्या तुम्ही चांगलं कपाट आणलंत, बंदूक आत ठेवलीत आणि चावी स्वतःच्या कमरेला लावलीत, तर पाहुण्यांची मुलं वाचली, पण कागदावर प्रश्न असा उभा राहतो की आता या बंदुकीवर नियंत्रण कुणाचं? तुमचं. लायसन्स कुणाचं? सासऱ्यांचं. लायसन्स नसताना बंदूक बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे, वर दंड. प्रत्येक घरावर अशी केस होते असं मी म्हणत नाही, कोकणात निम्म्या घरांतून हेच चालतं आणि कुणी विचारत नाही. पण अपघात झाला की पोलीस पहिल्यांदा लायसन्सचं पुस्तक मागतात, आणि मग ज्या गोष्टी इतकी वर्षं कुणी विचारल्या नाहीत त्या सगळ्या एकाच दिवशी विचारल्या जातात.

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. सासरे जोपर्यंत मुंबईत आहेत तोपर्यंत बंदूक आणि झाडून सगळी काडतुसं डिपॉझिट करा. पोलीस स्टेशनला करता येतात किंवा लायसन्सी शस्त्रविक्रेत्याकडे करता येतात. पोलिसांकडे सहसा पैसे लागत नाहीत पण मालखान्यात तेलपाणी कोण करणार, आमच्यासारख्याकडे थोडं भाडं पडतं पण बंदूक पुसून ठेवली जाते. नेण्याच्या बाबतीत मात्र जपा. बंदूक गाडीच्या डिकीत टाकून तुम्ही एकट्या निघू नका, वर सांगितली ती सवलत डिपॉझिटसाठी लिहिलेली नाहीये. सासऱ्यांनी स्वतःच्या सहीने तुमच्या पोलीस स्टेशनला पत्र द्यावं, मी उपचारासाठी बाहेरगावी आहे, माझं शस्त्र घरी आहे, ते जमा करून घ्यावं, आणि तुम्ही ते पत्र घेऊन जाऊन तिथल्या अधिकाऱ्यांना विचारावं की बंदूक आम्ही आणायची की तुम्ही माणूस पाठवता. बहुतेक ठिकाणी सांभाळून घेतात. पावती घेताना बंदुकीचा नंबर, नळ्यांची आणि दस्त्याची अवस्था, काडतुसं किती आणि कुठल्या नंबरची हे सगळं लिहून घ्या, मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. जमा करायच्या आधी नळीतून तेलाचा बोळा फिरवा. निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका आचारसंहिता संपल्यावर परत येतात तेव्हा आतून लाल झालेल्या मी खूप बघितल्यात, पावसाळा मध्ये आला तर विचारूच नका. (निवडणुकीत सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेण्यावर मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने २००९ साली निकाल दिलाय, छाननी समितीने एकेक धारक बघून ठरवायचं म्हणून. शेतीवाल्यांनी तो निकाल आपल्या वकिलाकडून समजून घ्यावा, पण तो वेगळा विषय आहे.)

पुढचा रस्ता पण आहे आणि तो तुमच्या घराला बरोबर लागू पडतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे ते शस्त्र पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो आणि त्या वारसाला लायसन्स मिळू शकतं. लोकांना वाटतं म्हातारा गेल्यावरच काय ते, आणि मग वारसांत वाद, एकाची सही मिळत नाही, बंदूक पोलीस स्टेशनला वर्षानुवर्षं पडून. सासऱ्यांची तब्येत बरी नाही म्हणता तर हे आत्ताच करा. मिस्टरांनी अर्ज करायचा, पोलीस रिपोर्ट होईल, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं ट्रेनिंग सर्टिफिकेट लागेल, आणि शस्त्र घरी सुरक्षित ठेवीन अशी हमी लिहून द्यावी लागते. सिंधुदुर्गात अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, पुण्या-मुंबईसारख्या ठिकाणी पोलीस आयुक्तांकडे. पण मिस्टर राहतात पुण्याला आणि बाग देवगडला, मग शेतीसंरक्षणासाठी त्यांना लायसन्स का द्यायचं हा प्रश्न ऑफिस विचारेल आणि तो रास्त आहे. आठवड्यातले पाच दिवस बंदूक पुन्हा बिनधारकाच्या घरात. याचं उत्तर तुमच्या घरात कोण कायम राहणार यावर आहे, ते मी इथून देऊ शकत नाही. कदाचित ताई, अर्ज तुमच्याच नावाने करायचा विचार व्हावा, शेती आणि घर प्रत्यक्ष तुम्ही बघता. बायकांच्या नावावर लायसन्स निघतं, आमच्याकडे अशा गिऱ्हाईक आहेत आणि त्या हत्यार पुरुषांपेक्षा नीट ठेवतात हा माझा अनुभव आहे.

आता राखणदाराचं. हे आज रात्रीपासून बंद करा. तुमच्या सगळ्या लिहिण्यात मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली, पाहुण्याच्या मुलापेक्षाही. त्याच्या नावावर लायसन्स नाही, पुस्तकात रिटेनर म्हणून, म्हणजे धारकाच्या वतीने शस्त्र बाळगायची परवानगी असलेला माणूस म्हणून, त्याचं नाव चढलेलं नाही (असेल तर ते पान काढून बघा, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटत नाही), त्यामुळे तो बंदूक घेऊन बागेत फिरतो तेव्हा तो विनापरवाना शस्त्र बाळगतोय. आणि देणाऱ्यावर वेगळं कलम आहे, २९, समोरच्याला बाळगायचा अधिकार आहे का याची खात्री न करता शस्त्र ताब्यात दिलं म्हणून. शिवाय तो तुमचा पगारी माणूस. मालकाच्या कामावर असताना नोकराच्या हातून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मालकाकडे मागतात, हा दिवाणी कायद्यातला जुना नियम आहे. काळोखात डुक्कर समजून बार काढला आणि तो रात्री मासे धरून परत येणाऱ्या शेजाऱ्याला लागला अशा बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. मृत्यू झाला तर नव्या भारतीय न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम १०६, हयगयीने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आणि तो स्वतः जखमी झाला तर कामगार भरपाईची कायद्यातली तरतूद आहेच.

आणखी एक, शेतीसंरक्षणाचं लायसन्स म्हणजे शिकारीची परवानगी असा समज गावागावात आहे. तसं नाहीये. रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या यादीत आहे, मारायचं असेल तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि गव्याच्या तर वाटेलाच जाऊ नका. राखणदाराला जोराची बॅटरी द्या, फटाके द्या, कुत्रे पाळा, कुंपणाला सोलरची झटका मशीन लावा. बंदुकीच्या बाराचा आवाज ऐकून डुकरं पळतात हे खरं, पण चार दिवसांनी तीच डुकरं परत येतात हे तुमचा राखणदारच तुम्हाला सांगेल.

जबाबदारीचं बघू. पाहुण्याला काही झालं तर कोण? माझ्या समजुतीप्रमाणे दोघंही, वेगवेगळ्या कारणांनी. सासरे धारक म्हणून, कारण शस्त्र सुरक्षित ठेवायची अट त्यांच्या लायसन्सची आहे आणि अट मोडली तर लायसन्स निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार कलम १७ खाली आहे. आणि होमस्टे ज्याच्या नावावर आहे ती व्यक्ती, कारण पैसे घेऊन माणसांना घरात ठेवलं की ती जागा सुरक्षित ठेवायची जबाबदारी येते. घरी पाहुणा आला आणि गिऱ्हाईक आलं यात हाच फरक आहे. पाहुणा तुमच्या भरवशावर येतो, आजोबा दटावतात, खुंटीकडे बघायचं नाही म्हणतात, पोरं ऐकतात. होमस्टेला दर शुक्रवारी नवीन माणसं, नवीन पोरं, त्यांना तुमच्या घरात काय कुठे आहे ते माहीत नाही आणि तुम्हाला ती पोरं कशी आहेत ते माहीत नाही. तिथे उघड्यावर बंदूक टांगून ठेवणं ही हयगय नव्हती असं तुमचा वकीलसुद्धा म्हणू शकणार नाही. इजा झाली नाही तरी दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला म्हणून न्याय संहितेचं कलम १२५ आहे, गंभीर दुखापत झाली तर त्यातच तीन वर्षांपर्यंत. त्याशिवाय ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून भरपाईची तक्रार होऊ शकते ती वेगळी. होमस्टे जर भागीदारीत किंवा कंपनी करून चालवत असाल तर शस्त्र कायद्याचं कलम ३३ वाचा, गुन्हा कंपनीचा धरला तर तेव्हा कारभार बघणारी माणसं पण त्यात येतात, 'मला माहीत नव्हतं आणि मी पुरेशी काळजी घेतली होती' हे त्यांनी सिद्ध करायचं. भिंतीवर बंदूक दिसत असताना माहीत नव्हतं कसं म्हणणार.

बरेच जण 'कुठल्याही अपघातास मालक जबाबदार नाही' असा बोर्ड लावतात किंवा चेक-इनच्या फॉर्मवर सही घेतात. त्या बोर्डावर विसंबू नका. पाहुण्याने स्वतः आगाऊपणा केला तर थोडाफार उपयोग होईल, स्वतःच्या हयगयीपुढे बोर्ड टिकत नाही, आणि दहा वर्षांच्या पोरावर तर तो कसा लागू करणार.

विमा निघतो. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी म्हणून मागा, म्हणजे पाहुण्याला किंवा तिऱ्हाईताला इजा झाली तर भरपाई देणारी, होमस्टेला मिळते. पण त्यातली अपवादांची यादी वाचा, आणि घरात लायसन्सी शस्त्र आहे हे विमा कंपनीला लेखी कळवा, मेलवर कळवा म्हणजे पुरावा राहतो. कळवलं नाहीत आणि क्लेम आला तर माहिती लपवली म्हणून नाकारायला त्यांना आयतं कारण. कळवल्यावर ते कव्हर देतील, जास्त प्रीमियम मागतील की बंदुकीचा अपघात वगळतील हे कंपनी-कंपनीवर आहे. वगळलं तर पॉलिसीच घेऊ नका असं मी म्हणत नाही, पाय घसरून पडण्यासारख्या बाकीच्या गोष्टींना ती लागतेच. आणि विमा पैसे भरेल, फौजदारी केस विमा अंगावर घेत नाही.

आता बंदूक कशी ठेवायची. समजा सासरे बरे होऊन परत आले किंवा लायसन्स घरातल्या कायम राहणाऱ्या माणसाच्या नावावर झालं, तेव्हासाठी हे लिहितो. सगळ्यात आधी ती रिकामी आहे हे रोज डोळ्यांनी बघायचं. दुनळीचं सोपं आहे, वरची लिव्हर अंगठ्याने बाजूला करा, बंदूक मोडा, मागून दोन्ही नळ्यांत बघा, पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे, दोन्हीतून. 'मीच काल रिकामी करून ठेवली' यावर कधीही विसंबायचं नाही. सेफ्टीवरही नाही, बऱ्याच दुनळ्यांत ती फक्त चाप अडवते, आतला घोडा चढलेलाच असतो, जुनी बंदूक पडली किंवा आपटली तर बार होऊ शकतो.

ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक असेल त्यांनी हे जास्त लक्ष देऊन वाचा, कारण तिच्यात उजेड बघता येत नाही. आमच्याकडे एकदा एक मुलगा आजोबांची ठासणीची बंदूक घेऊन आला, आजोबा जाऊन बराच काळ झाला होता, लायसन्स नुकतंच त्याच्या नावावर झालं होतं, फक्त दस्त्याला पॉलिश करून हवं होतं. मी सवयीप्रमाणे गज नळीत सोडला तर तो तळाला टेकायच्या आधीच थांबला, चार बोटं वर राहिला. बाहेरून नळीला लावून बघितला तरी तेवढंच अंतर. म्हणजे आत दारू, चिंध्या आणि छर्रे ठासलेले, आजोबांनी कधीतरी भरून ठेवलेले, आणि ही बंदूक इतकी वर्षं घरातल्या पोरांनी दिवाळीत खेळायला घेतली होती. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं जिवंत असते. म्हणून ठासणीच्या गजावर, बंदूक रिकामी असताना नळीच्या तोंडापाशी जिथे येतो तिथे कानशीने एक खूण करून ठेवा, मग गज आत सोडला की खूण तोंडाशी आली तर रिकामी, वर राहिली तर भरलेली. भरलेली निघाली तर केप (घोडा आपटल्यावर ठिणगी देणारी छोटी टोपी) काढलेली आहे ना बघा, नळी माणसांपासून लांब धरा आणि स्वतः खरवडत बसू नका, कारागिराकडे सोपवा.

दुनळीचा एक फायदा असा की ती हाताने तीन तुकड्यांत सुटते, पुढचं लाकूड ओढून काढलं की नळ्या दस्त्यापासून वेगळ्या होतात. माझा आग्रह असतो की होमस्टे, क्लासेस, पाळणाघर, जिथे परकी मुलं येतात अशा घरात बंदूक जोडलेली ठेवायचीच नाही. नळ्या एका कुलपात, दस्ता दुसऱ्या, काडतुसं तिसऱ्या. एक चावी कुणाच्या हाती लागली तरी हातात लोखंडाचा पाइप येतो, बंदूक येत नाही. राखणीसाठी रात्री घाईने लागते म्हणाल तर सवय असलेला माणूस अर्ध्या मिनिटात जोडतो.

कपाट साधं स्टीलचं जाड पत्र्याचं चालतं, गन सेफच पाहिजे असं काही नाही, पण ते हलवता येता कामा नये. उचलून टेम्पोत घालून नेता येणारं कपाट म्हणजे चोराला पॅक करून दिलेली बंदूक. कोकणात चिऱ्याच्या भिंतीत साधा फास्टनर नीट धरत नाही, चिरा भुसभुशीत, जोराने ओढलं की बोल्ट मातीसकट बाहेर. खाली काँक्रीट असेल तर जमिनीला बोल्ट मारा किंवा भिंतीत केमिकल अँकर बसवून घ्या. आणि बाहेरच्या भिंतीला लावू नका, पावसाळ्यात तीच भिंत पाझरते. कपाट पाहुण्यांच्या वावराच्या भागात नको, आणि त्याच्यावर 'शस्त्र' असं काही लिहायचंही नाही.

चावी देवघरातल्या डब्यात, दाराच्या मागच्या खिळ्याला, किंवा साड्यांच्या घडीखाली, या तीन जागा घरातल्या प्रत्येक पोराला माहीत असतात. चावी धारकाच्या अंगावर, आणि धारक घराबाहेर राहणार असेल तर चावी त्याच्याबरोबर बाहेर. दुसरी चावी सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरला ठेवा. नंबरचं कुलूप घेतलंत तर तो नंबर मोबाईलचा पिन नको आणि गाडीचा नंबर नको.

चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून कपाट बंद करणारे खूप आहेत, शोभेला छान, पण चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि नळी बाहेरून गंजते. उघडी, तेलाचा हात फिरवून, आत सिलिका जेलच्या पुड्या, महिन्याला एकदा बाहेर काढून पुसायची. पावसात दर आठवड्याला. समुद्राकाठच्या घरात तर मी म्हणेन पुसायला हात लावला की त्याच वेळी काडतुसंही मोजायची आणि लायसन्सच्या पुस्तकाशी ताळा करायचा. खडकीच्या फॅक्टरीची बारा बोअरची काडतुसं चांगली टिकतात, पण पितळेवर हिरवट डाग, फुगलेला कागद किंवा प्लास्टिक दिसलं तर वापरू नका, आणि ती खाडीत किंवा शेणखईत फेकूही नका, आमच्यासारख्या दुकानात किंवा पोलिसांकडे जमा करा. काडतूस कमी भरलं किंवा बंदूक जागेवर दिसली नाही तर घरात शोधत दोन दिवस घालवायचे नाहीत, लगेच पोलीस स्टेशनला कळवायची अट लायसन्सवरच छापलेली असते.

ताईंनी शेवटी विचारलंय की पाहुण्यांना जुन्या बंदुकीचं फार आकर्षण असतं, फोटोला तरी दिली तर चालेल का. नाही. हातात दिली की ताबा दिला, आणि तो फोटो पाहुण्याच्या इन्स्टावर गेला की पोलिसांना आयता पुरावा. लग्नाकार्यात, शिमग्याला हवेत बार काढण्याचं तर विचारूच नका, २०१९ पासून त्याला वेगळी शिक्षाच आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भिंतीवर जुन्या घराची शोभा म्हणून खरंच काही हवं असेल तर बंदूक कायमची निकामी करून घ्यायची तरतूद नियमांत आहे, पण ती अधिकृत ठिकाणी आणि लायसन्सिंग ऑफिसच्या कागदांसह, गावच्या लोहाराकडून नळीत सळई ठोकून नाही. सासऱ्यांना विचारल्याशिवाय मात्र हा विषय काढू नका, चालती बंदूक निकामी करणं जुन्या माणसाला फार लागतं.

मुलांसाठी खेळ म्हणून एअरगनची नेमबाजी ठेवायचा विचार बरेच होमस्टेवाले करतात. त्यातही बघून घ्या, पॉइंट १७७ बोअरच्या वरची किंवा वीस ज्यूलपेक्षा जास्त ताकदीची एअरगन लायसन्सशिवाय चालत नाही, म्हणजे पूर्वी सर्रास मिळायची ती पॉइंट दोनदोनची घरात असेल तर तीही तपासा. बिनलायसन्सच्या एअरगननेही डोळा जातो, तेव्हा मोठं माणूस शेजारी उभं राहणार नसेल, मागे मातीचा बांध नसेल आणि सगळ्यांच्या डोळ्यांना चष्मे नसतील तर तो खेळ ठेवू नका. आणि पॉलिसीत लिहून घ्या.

आता तुम्ही काय करायचं ते क्रमाने सांगतो. आज बंदूक खुंटीवरून काढा, मोडून रिकामी आहे बघा, सुटी करून डिपॉझिट होईपर्यंत कुलपात घाला, राखणदाराला हात लावू देऊ नका. सासऱ्यांना फोन करून पत्र मागवा, या आठवड्यात डिपॉझिट. डिपॉझिटची पावती हातात आल्यावर विमा कंपनीशी बोला, आणि घरात बसून ठरवा की बंदूक पुढे कुणाच्या नावावर ठेवायची, की ठेवायचीच नाही. विकायची ठरली तर लायसन्सी दुकानदारामार्फत विकता येते, ऑफिसला कळवून. माझं स्वतःचं मत विचाराल तर घरात कायम राहणारा, तिची सवय असलेला माणूस नसेल तर पाहुणे ठेवणाऱ्या घरात बंदूक ठेवू नये, शेतीला तिचा जेवढा उपयोग होतो त्यापेक्षा जोखीम जास्त आहे.

आणि सासऱ्यांच्या लायसन्सच्या पुस्तकातलं अटींचं पान आणि मुदतीचं पान बघून सांगा, फोटो इथे टाकू नका, त्यावर नाव-पत्ता असतो, नुसतं वाचून लिहा. रिटेनरच्या जागी कुणाचं नाव आहे का, वापर कशासाठी म्हणून लिहिलाय, क्षेत्र कुठलं आणि मुदत कधी संपते या चार गोष्टी. २०१९ नंतरचं लायसन्स पाच वर्षांचं असतं, त्याआधीचं तीन, आणि सासरे आजारी असताना ती तारीख निघून गेली असेल तर डिपॉझिटला एक दिवसही थांबू नका.